संध्याकाळी पाच बोटं, सकाळी चार

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज ती गाडी आली. आली म्हणजे ट्रकवर चढवून आणली. लांब, राखाडी, एके काळी बँकांचे अध्यक्ष जिच्यातून उतरायचे त्या जातीची. मागची डावी बाजू चाकावर पार टेकलेली. काका म्हणाले, म्हैस मांडी घालून बसल्यासारखी दिसते. मला ते आवडलं नाही. आजारी माणसाला कुणी असं म्हणतं का?

बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. जॅकचा दांडा उसळून मनगटावर बसला. त्यामुळे ही गाडी मी करायची, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, कोपऱ्यावरून साबण आणायला सांगावा तसं. मी म्हटलं, मी आजवर फक्त तुमच्या हाताखाली काम केलंय. तर म्हणाले, "मग आता हाताखाली मी. एकच हात आहे, पण आहे."

मी डिप्लोमा केला. आमच्या घरात शाळा पूर्ण करणारी मीच पहिली. बाबा चौथीपर्यंत गेले, काका सही शिकण्यापुरते. त्यामुळे माझ्याकडून चूक झाली तर ती माझी एकटीची राहत नाही, सगळ्या शिक्षणाची होते. हे डोक्यात घेऊन झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्याकडे एकाच प्रकारच्या गाड्या येतात, स्प्रिंगवर नव्हे तर तेलावर उभ्या राहणाऱ्या. प्रत्येक चाकापाशी एक सिलिंडर, त्याच्या डोक्यावर लोखंडी गोळा. गोळ्यात रबरी पडदा; पडद्याच्या एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला हिरवं तेल. इंजिन सुरू केलं की पंप तेल ढकलतो आणि गाडी आधी मागून, मग पुढून उठते. खड्ड्यावरून गेली तरी आतल्या माणसाच्या पेल्यातलं पाणी हलत नाही. लहानपणी शाळेतून आले की मी दप्तर न उतरवता गाड्या उठताना बघत राहायचे. माझे बाबा गाड्यांना उभं करतात, असं वर्गात सांगायचे. खोटं नव्हतं ते.

काकांचं मत वेगळं आहे. बाकीच्या गॅरेजांसारखं आपणही हे सगळं उपटून पोलादी स्प्रिंगा घालाव्यात. या गाडीच्या मापाच्या चार स्प्रिंगा त्यांनी आणूनही ठेवल्यात. "तेल गळणार, आपण पुसणार, पुन्हा गळणार. जन्म यातच घालवायचा?" बाबांनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारपर्यंत गाडीनं उंची धरली नाही तर स्प्रिंगा घाल, म्हणाले. इतक्या सहज का कबूल केलं, कळत नाही. माझ्यावर भरवसा नसावा.

गाडीच्या मालकीणबाई डेंटिस्ट आहेत. त्यांच्या आई चाकाच्या खुर्चीत असतात. या गाडीत एक कांडी आहे, ती सरकवून गाडी हवी तेवढी वर-खाली करता येते. गाडीची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीला आणायची, मध्ये फळी टाकायची, आणि आजी स्वतःच्या हातांनी सरकत आत जातात. कुणी उचलावं लागत नाही. स्प्रिंगा घातल्या की गाडी एकाच उंचीला अडकणार. मग आजींना उचलूनच ठेवावं लागेल, सामानासारखं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सिलिंडर काढला. आतलं रबरी सील फाटलेलं होतं, बाकी आत-बाहेर सरकणारा दांडा आरशासारखा. म्हणजे दुखणं सापडलं. नवीन सील बसवताना बाबांची एक पद्धत आहे. दांड्याच्या टोकाला आटे असतात, त्यांची धार सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या पातळ कडेला, लागू नये म्हणून आट्यांवर आधी प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळायची, तिच्यावरून सील सरकवायचं, मग पट्टी हळूच ओढून काढायची. तीनदा गुंडाळली, तीनदा सोडली. चौथ्यांदा बाबा म्हणाले, "बाळाला दुपट्यात गुंडाळतेस का?"

संध्याकाळी इंजिन सुरू केलं. थोडा वेळ काहीच नाही. मग मागचा भाग असा उठला, जसं मोठ्या माणसाला बघून कुणी खुर्चीतून उठावं. मी फडकं तोंडाशी धरलं, कारण हसू आवरत नव्हतं.

मग उंची मोजायची. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून बाबा मोजतात. संध्याकाळी जितकी बोटं, सकाळी तितकीच हवीत. एक जरी कमी झालं तर गाडी बसली, म्हणजे कुठेतरी गळती आहे. माझ्या खिशात टेप होता. हात तिकडे गेलाही होता. पण बाबा आणि काका दोघं बघत होते. शिकून आली आणि आता आपल्या बोटांवर हिचा विश्वास नाही, असं त्यांना वाटायला नको म्हणून टेप तसाच राहू दिला. बोटं घातली. पाच. काकांना सांगितलं, पाच बोटं. काका सकाळी लवकर येऊन गॅरेज उघडतात, ते मोजतील.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मी पोचले तेव्हा गाडी अंगणात होती. इतर गाड्यांना जागा करायला काका ती रोज सुरू करून बाहेर काढतात, आणि सुरू केली की ती पुन्हा पूर्ण उठते, त्यामुळे रात्रीत काय झालं ते नंतर बघायला मिळत नाही.

काका म्हणाले, "चार."

"नीट बघितलंत?"

"इंजिनियरबाई, चार म्हणजे चार. एक बोट बसली."

माझ्या पोटात गोळा आला, असं मी बोलून गेले. काका म्हणाले, पोटात नको, गाडीत घाल. बाबा हसले. मला रडू येत होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

काल सुट्टी होती, पण मी दिवसभर त्या सिलिंडरचाच विचार केला. आई म्हणाली, भात ढवळतेस की सील बसवतेस.

आज पुन्हा उघडला. सील अगदी नव्यासारखं. कुठे ओरखडा नाही, तेलाचा डाग नाही. तरी बदललं, कारण गाडी एक बोट बसली हे खरं आहे आणि कारण सापडलेलं नाही. संध्याकाळी पाच बोटं.

बाबांचं प्लास्टर आज निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, हात चांगला जुळलाय, थोडं थोडं काम सुरू करा. पण बाबा म्हणतात अजून ताकद येत नाही, म्हणून हात झोळीतच. काळजी वाटते. डॉक्टर घाईत असतात, नीट तपासत नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चार.

आता गोळ्यावर संशय. तो काढून दुसरा घातला. हा आमच्याकडचा शेवटचा चांगला गोळा, बाबांनी जपून ठेवलेला. मी तो मागितला. त्यांनी लगेच काढून दिला.

एक गोष्ट विचित्र आहे. डोळ्यांना गाडी सरळ दिसते. मागे उभं राहून बघितलं तर डावी-उजवी बाजू एका रेषेत. पण डोळ्यांवर विसंबू नये, मापावर विसंबावं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. माप चार सांगतंय.

दुपारी मागच्या खिडकीतून बघितलं तर बाबा तेलाचा भरलेला डबा उजव्या हातानं उचलून फळीवर ठेवत होते. मी दिसताच हात झोळीत गेला. दुखत असतानाही हे असं करतात. घरी आल्यावर आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यांचा हात ना? तो ही गाडी गेली की बरा होईल." आईचं वैद्यकीय ज्ञान असंच आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज पुन्हा चार. आणि त्यातच डेंटिस्टबाई आईला घेऊन आल्या, भाड्याच्या गाडीतून. आजींना उतरवताना ड्रायव्हरनं काखेत हात घालून उचललं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. खुर्चीत बसल्यावर आधी पदर सारखा केला, केस सारखे केले, आणि मगच आमच्याकडे बघितलं.

मग राखाडी गाडीपाशी गेल्या आणि दारावर हात फिरवला. मला म्हणाल्या, "बाकीच्या गाड्यांपर्यंत मला जावं लागतं गं. ही माझ्यापर्यंत येते."

बाईंनी विचारलं, शनिवारी मिळेल ना? पुढच्या बुधवारी आजींना डॉक्टरांकडे न्यायचंय. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे, एका बोटाचा फरक येतोय, कारण शोधतेय. काका मागून म्हणाले, नाहीतर स्प्रिंगा आहेतच. आजी काकांकडे बघत राहिल्या. काका उगाचच पाना पुसायला लागले.

त्या गेल्यावर मी सिलिंडर पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा. आता हात सरावलाय, पट्टी शोधत बसले नाही, पटकन सील चढवलं. संध्याकाळी पाच बोटं. काकांना सांगितलं की उद्या मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. ते म्हणाले, जशी आज्ञा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

हे कसं लिहू? लाज वाटते आणि हसूही येतं.

सकाळी बाबांना घेऊन काकांच्या बरोबरीनं पोचले. काकांनी कुलूप काढेपर्यंत मी आत घुसून बोटं घातली. पाच! पाचच! बसली नाही, असं मी जवळजवळ ओरडले. काका शांतपणे आले, वाकले, आपली बोटं घातली आणि म्हणाले, "चार."

"काका, आत्ता मी मोजली, पाच."

"आत्ता मी मोजली. चार."

"मग उजवीकडे बघा, तिकडे कुणी हातही लावलेला नाही."

ते उजवीकडे गेले. चार. त्यांच्या मागोमाग मी. पाच. काका म्हणाले, डिप्लोम्यात मोजणी शिकवत नाहीत वाटतं. मी म्हटलं, तुम्ही आकडे गिळता. दोघंही गाडीच्या मागे उकिडवे बसून भांडत होतो, तेवढ्यात स्टुलावरून कसलातरी आवाज आला. बाबा हसत होते. इतके, की डोळ्यांतून पाणी. बोलताही येईना. शेवटी कसेबसे म्हणाले, "हातावर हात ठेवा."

मी काकांच्या पंजावर माझा पंजा ठेवला. काकांची चार बोटं म्हणजे माझी पाच. जवळजवळ बरोब्बर.

आजवर संध्याकाळीही बाबाच मोजायचे आणि सकाळीही बाबाच. बोटं तीच, म्हणून कधी फरक आला नाही. ही पहिली गाडी जिला संध्याकाळी एकाची बोटं लागली आणि सकाळी दुसऱ्याची. चांगल्या सिलिंडरला मी दोनदा उघडलं, चांगला गोळा बदलला, आणि गाडी एक केसभरही बसली नव्हती.

काका बराच वेळ आपल्या पंजाकडे बघत होते. मग म्हणाले, "टेप होता ना तुझ्याकडे?"

होता, म्हटलं.

"मग?"

तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं, म्हटलं. काकांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी छताकडे. "अगं, आम्हाला टेपवरचे आकडे धड वाचता येत नाहीत म्हणून बोटं," काका म्हणाले. "तुला येतात, तर वाच की."

संध्याकाळी टेपनं मोजलं आणि मडगार्डाखाली खडूनं लिहून ठेवलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी टेप लावला. खडूच्या आकड्यापेक्षा नखभर कमी. पुन्हा लावला. नखभर कमी. उजवीकडे जसंच्या तसं.

म्हणजे आता खरंच बसतेय.

सिलिंडर उघडायच्या आधीच मला कळलं होतं. परवा पट्टी न गुंडाळता सील चढवलं होतं. आट्याच्या धारेनं ओठाला बारीकशी चीर पडलीय. नसलेलं दुखणं शोधता शोधता मी खरं दुखणं तयार केलं. सीलही संपलीत. पार्टवाला सोमवारच्या आधी देणार नाही.

काका म्हणाले, नखभर काय, चालतं. पंप सुरू झाला की उठेल. महिनोन्‌महिने कुणाला कळणार नाही. ते वाईट मनानं म्हणत नव्हते, माझं तोंड बघून म्हणत होते. पण आजी सरकतात तेव्हा इंजिन बंद असतं. चीर त्याच वेळी फाटली तर सीट खाली जाईल, फळी तिरकी होईल, आणि त्या मध्यावर असतील. 

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज शनिवार. काकांनी स्प्रिंगा बाहेर काढून ओळीनं ठेवल्या होत्या. बोलल्याप्रमाणे करायला ते मोकळे होते. बाबा म्हणाले, ठरलं ते ठरलं, पण बाईंना विचारल्याशिवाय नाही. मला वाटलं ते फोन करतील. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि हात दुखतोय म्हणाले. फोन डावीकडे होता.

फोनवर सगळं सांगितलं. बोटांचं, पट्टीचं, सगळं. मूळचं काम पहिल्याच दिवशी बरोबर झालं होतं, पुढचं नुकसान माझं आहे, असं सांगितलं. आज स्प्रिंगा घालून नेता येईल, पण गाडी वर-खाली होणार नाही. किंवा सोमवारी सील येईल, बुधवारी सकाळी गाडी मिळेल, आणि ती धरेल याची आधी दोन रात्री खात्री केलेली असेल.  फोन स्पीकरवर होता, काका स्प्रिंगांपाशी उभं राहून ऐकत होते.

 बाई म्हणाल्या, "म्हणजे चांगला दात उघडलात आणि त्यालाच कीड लावलीत."

मी हो म्हटलं.

"होतं असं. फक्त आम्ही पेशंटला सांगत नाही." मग म्हणाल्या, "बुधवारी आणते आईला. स्प्रिंगा नकोत."

फोन ठेवला तर काका एक स्प्रिंग खांद्यावर टाकून शेडकडे निघाले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, चूक कबूल केल्यावरही गाडी ठेवून घ्या म्हणणारं गिऱ्हाईक इतक्या वर्षांत बघितलं नाही, अशांच्या गाडीला हात लावायची आपली छाती नाही. मग दुसरी स्प्रिंग उचलली. "पण बुधवारी सकाळी मीही मोजणार. तुझ्याच टेपनं. आकडा तू वाच, टोक मी धरतो."

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. रागावले आहेत का कळेना. ते रस्त्याकडे बघत होते, आणि डोळे चोळत होते. गॅरेजमध्ये धूळ फार झालीय. उद्या झाडून काढीन.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सील आलं. पट्टी स्वतः कापली, गुंडाळली, बोट फिरवून बघितलं, पुन्हा गुंडाळली. आज बाबा काही बोलले नाहीत. पट्टी ओढायची वेळ आली तेव्हा त्यांनी दांडा डाव्या हातात आणि पट्टीचं टोक उजव्या हातात धरलं, आणि एका दमात ओढून काढली. दुखलं का विचारलं. खूप, म्हणाले.

संध्याकाळी टेप, खडू.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जसंच्या तसं. तरी आज सुरू केली नाही. अजून एक रात्र.

काका दोनदा येऊन खडूच्या आकड्याकडे बघून गेले. तो वाचता येत नसला तरी तसाच आहे हे बघायला येतात बहुतेक.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काकांनी टेपचं टोक धरलं, मी आकडा वाचला. तोच. काकांनी विचारलं, नक्की? नक्की, म्हटलं. पुन्हा वाच, म्हणाले. पुन्हा वाचला. मग ते उठले आणि एकदम माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी. हाताला तेल होतं. केस दोनदा धुवावे लागले.

बाई आणि आजी वेळेवर आल्या. मी इंजिन सुरू केलं, गाडी उठली, कांडी सरकवून सीट खुर्चीच्या उंचीला आणली आणि इंजिन बंद केलं. फळी टाकली. काकांनी न सांगता खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या. मी गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी गुडघ्यावर बसले आणि त्या फटीवरून नजर हलवली नाही.

आजी सरकल्या. आधी एक हात, मग अंग, मग दुसरा हात. मध्यावर थांबल्या, श्वास घेतला. गाडी हलली नाही. पुन्हा सरकल्या, आत पोचल्या, पाय स्वतःच्या हातांनी आत ओढून घेतले, पदर सारखा केला. मी उठले. मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडे वरून बघितल्यासारखं बघितलं, जरी त्या बसलेल्या आणि आम्ही उभे होतो. मला इतका अभिमान वाटला की कुणाचा ते ठरवता येईना. गाडीचा, आजींचा, की आमच्या या काळवंडलेल्या गॅरेजचा.

बाईंनी किल्ली घेतली. आजींनी काच खाली केली आणि बाबांना विचारलं, आता ही किती वर्षं चालेल, आणि मध्येच पुन्हा बसली तर काय करायचं?

बाबा झोळी काढून ठेवून दोन्ही हातांनी फळीची घडी घालत होते. म्हणाले, "ते त्यांना विचारा. काम त्यांनी केलंय."

बाबा मला अगं म्हणतात, कार्टे म्हणतात, लाडात असले तर बाळ. त्या कोण आल्या म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती, आणि खिळ्याला अडकवलेला हवेचा पाइप.

परत वळले तर आजी माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. काकाही, बाबाही. मी फडक्याला हात पुसले, खिडकीपाशी गेले आणि सांगायला सुरुवात केली.